पाच दाण्यांची निर्यात

मांजरपाटाच्या पार्सलावर शेवटचा टाका घालून मुक्तानं दोरा दातानं तोडला आणि लगेच तिच्या मनात आलं, सुई आत राहिली असेल तर? सुई समोर पाटावरच पडली होती. तरी तिनं डबी उपडी करून सगळ्या सुया मोजल्या. मोजून झाल्यावर लक्षात आलं, की आधी किती होत्या हे कुठं माहीत होतं!

पार्सल बसऱ्याला जायचं होतं. लढाई सुरू झाल्यापासून रेल्वेची माणसं समुद्रापार जाऊ लागली होती. मुक्ताचे यजमान सोपानराव लोणावळ्याला सिग्नल खात्यात होते. माघात त्यांना तार आली आणि दुसऱ्या दिवशी ते मुंबईच्या गाडीत बसले. वैशाखात मुलगा झाला. आता भाद्रपद चालू होता, आणि बापानं मुलगा अजून पाहिलेला नव्हता. दर पत्रात त्यांचा एकच प्रश्न असे, 'केवढा झाला?'

याचं उत्तर द्यायचं कसं? मुक्तानं फोटो काढून घेतला, पण ऐन वेळी मुलगा हलला आणि फोटोत त्याला दोन डोकी नि चार कान आले. परमुलखात एकट्या राहणाऱ्या माणसानं असला फोटो पाहून काय समजायचं? शेवटी तिला युक्ती सुचली. बाळंतविड्यातली कुंची आता मुलाला होत नव्हती. तीच पाठवायची. आणि न धुता पाठवायची. वेखंडाचा, धुरीचा आणि शिवाय त्या मुलाचा स्वतःचा असा एक वास त्या कुंचीला होता. तो लिहून कळवण्यासारखा नव्हता.

कुंचीबरोबर तिनं स्वतः विणलेले पायमोजे, चिक्कीचा पुडा आणि लसणीच्या चटणीचा पत्र्याचा डबा. बस. चार वस्तू. पण चार वस्तू परदेशी धाडणं म्हणजे काय असतं, ते पोस्टाच्या भिंतीवर इंग्रजीत छापून लावलं होतं. येणारेजाणारे त्या नोटिशीला चुन्याचं बोट पुसत. ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलेलं लोणावळ्यात एकच माणूस होतं, ते म्हणजे मुक्ता. पुण्याला कॉलेजात इंटरपर्यंत शिकल्याचा हा तोटा. आत जे जे आहे ते सगळं लिहून द्यायचं, एकही वस्तू वगळायची नाही. आत चिठ्ठीचपाटी घालायची नाही. धान्य परदेशी पाठवायला सक्त मनाई. खोटं लिहिलं तर दंड, कैद, किंवा दोन्ही. त्या 'किंवा दोन्ही'नं तिची भूक गेली होती. सरकारी नोकरीतल्या माणसाच्या बायकोनं सरकारला खोटं लिहून दिलं, तर कैद कुणाला? तिला, का त्यांना? का… किंवा दोन्ही?

त्यात शेजारच्या शालूबाई येऊन बसल्या. त्यांचे यजमान गार्ड होते, त्यामुळे पुण्यापासून मुंबईपर्यंतच्या बातम्या त्यांच्या ओट्यावर उतरत.

"खंडाळ्याला एका बाईनं म्हणे लोणच्याच्या बरणीत काहीतरी घालून पाठवलं, आफ्रिकेला."

"काय घातलं होतं?"

"ते नाही कळलं बाई. पण पोलीस आले होते."

"मग?"

"मग काय? बरणी नेली." शालूबाईंनी सुपारी कातरली. "बाई अजून घरीच आहे. पण बरणी काही परत आली नाही हो."

मुक्ताला चटणीचा डबा आठवला आणि तिनं पोस्टात द्यायची यादी पुन्हा एकदा वाचून काढली.

दुपारच्या गाडीनं टपालाची पिशवी मुंबईला उतरायची होती. त्यानंतर बसऱ्याची पार्सलं पुढचा हुकूम येईपर्यंत बंद, असं पोस्टमास्तरांनी सांगून ठेवलेलं. पुढचा हुकूम येईतो मुलगा शाळेत जायला लागेल अशी मुक्ताची खात्री होती. तिनं शेगडीवरच्या टोपलीतली दुपटी उलटीपालटी केली, मुलाला सासूबाई झुंबरबाईंच्या मांडीवर दिलं, छत्री घेतली आणि पार्सल पदराखाली धरून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. तेवढ्यात मागून झुंबरबाई म्हणाल्या,

"नीट ने गं. आत अक्षदा हायेत."

मुक्ताचं पाऊल उंबऱ्यावरच राहिलं. "काय आहेत?"

"अक्षदा. पाच दानं. काल तू आबास्नी न्हाऊ घालत हुतीस, तवा घातलं म्या कुंचीत."

नातवाचं नाव आजोबांचं ठेवलं होतं, महिपती. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून झुंबरबाई चार महिन्यांच्या पोराला आबा म्हणत, आणि तेही अहोजाहो करूनच.

"आत्याबाई, तांदूळ घातले तुम्ही? आत?"

"तांदूळ न्हवं गं बाई, अक्षदा. आपल्या गावच्या, औंढ्याच्या खाचरातला आंबेमोहर हाय, देवाम्होरं ठेवून कुकू लावल्यालं."

"पण ते धान्य झालं ना!"

"अक्षदा कुटं धान्य आस्त्यात? शिजवनार हाय का त्यो?"

मुक्ता परत आत येऊन पाटावर बसली. "त्याला मनाई आहे हो. मी लिहून दिलंय सगळं, खाली सही केलीय, की याशिवाय आत काही नाही म्हणून. आता उसवते नि काढते ते."

झुंबरबाईंचा चेहराच बदलला. "काडू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. "गेला तवा म्या औंढ्याला हुते. तार आली आन् त्यो गेला. माज्या हातनं कपाळाला अक्षदा लागल्या न्हाईत. परमुलखी निघाल्याला पाच दानं द्यायचं, आन् त्येनं तितं पोचून त्यातला येक माघारी धाडायचा. दाना घरी आला का मागनं मानूस येतो. त्येच्या बापाचं आसंच, आज्याचं आसंच. ह्योच येकला रिकामा गेला. तवापास्नं माजा जीव टांगनीला हाय पोरी. आन् घातल्यालं माघारी काडलं तर काय हुतं, त्ये मला बोलाय लावू नगंस."

मुक्ता शिकलेली होती. दाणा आणि माणूस यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण उसवण्यासाठी घेतलेली कात्री तिनं परत डबीत ठेवली. उसवलं तर आत्याबाईंचा शकुन मोडतो, न उसवलं तर सरकारचा कायदा. रस्त्यानं जाताना ती स्वतःशी मांडत राहिली, की पोस्टमास्तरांना विचारून तर पाहू. आपलं नाव न सांगता. नुसतं, समजा म्हणून.

पोस्टमास्तरांचं नाव भिमाजीराव होतं, पण ते नाव ठेवणाऱ्यांनी थोडी घाई केली होती. उदबत्तीसारखी अंगकाठी, आणि उदबत्तीसारखेच ते आतल्या आत जळत असायचे. तपासणीला आलेल्या साहेबानं मागच्या खेपेला 'गोंदाच्या बाटलीचं बूच कुठं आहे?' एवढं विचारलं होतं. तेव्हापासून भिमाजीराव गोंदाची बाटली खणात कुलूप लावून ठेवत, आणि तिकीट चिकटवायला आलेल्याला ती दोन्ही हातांनी धरून दाखवत.

"मास्तर, एक विचारू?" मुक्ता खिडकीशी जाऊन म्हणाली. "समजा, एखाद्याच्या पार्सलात चुकून थोडासा तांदूळ गेला…"

भिमाजीरावांनी टाक खाली ठेवला. "कुणाच्या?"

"कुणाच्याही. समजा म्हटलं मी."

"किती?"

"पाच."

"पाच शेर?"

"नाही."

"पाच पायली!" भिमाजीराव खुर्चीतून उठलेच.

"दाणे. पाच दाणे. कुंकवाचे."

आता त्यांचा जीव भांड्यात पडेल असं मुक्ताला वाटलं. पण तो भांड्यापर्यंत पोचलाच नाही. ते पुन्हा बसले आणि खिडकीच्या गजांना नाक लावून कुजबुजले, "बाई, पाच शेर असते तर सोपं होतं. सरळ नाही म्हटलं असतं. पाच दाण्यांना नाही म्हटलं तर लोक हसतील, आणि हो म्हटलं तर…"

"किंवा दोन्ही," मुक्ता म्हणाली.

"काय?"

"काही नाही. पण मास्तर, पाच दाण्यांना कुणी धान्य म्हणेल का?"

भिमाजीरावांनी खणातून परिपत्रक काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "इथं 'धान्य' एवढंच म्हटलंय. किती, ते नाही म्हटलं. म्हणजे शंभर पोती तेही धान्य, आणि एक दाणा तेही धान्य."

"मग चिक्कीतला शेंगदाणा?"

चिक्कीचा हा विचार आधी कुणीच केला नव्हता. भिमाजीरावांनी परिपत्रक उलटं करून मागची कोरी बाजूही तपासली.

"श्येंग तेलाच्या गळितात येती वो, धान्यात न्हाई," मागं रांगेत मनिऑर्डरीसाठी उभा असलेला एक टाकवे गावचा गडी म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या मागच्यांनीही ऐकलं होतं.

"गळितात येते," भिमाजीरावांनी सुस्कारा सोडला. "चिक्की सुटली. पण तांदूळ… बाई, ते समजा-बिमजा राहू दे. पार्सल इकडं द्या. उघडावं लागेल."

"उघडू नगासा!"

दाराशी झुंबरबाई उभ्या होत्या. डोक्यावर घोंगडीची खोळ, खोळीत नातू, आणि त्यांच्यामागं, काय होतंय ते बघायला म्हणून, शालूबाई.

"मावशी, कायदा आहे," भिमाजीराव म्हणाले.

"असंल. कायद्याला लेक हाय का परमुलखी?"

"तसं नव्हे." मुक्तानं पुढं केलेली यादी भिमाजीरावांनी वाचली. "बरं, कुंची तरी कुणाची?"

"आबांची."

"आबांची?" भिमाजीरावांनी चष्मा सारखा केला. "इथं तर लहान मुलाची लिहिलीय. आबांचं वय काय?"

"चार म्हैनं," झुंबरबाईंनी खोळ बाजूला करून आबा दाखवले. आबांनी पोस्टाकडे एकदा पाहिलं आणि जांभई दिली.

शेवटी पार्सल टेबलावर आलं. मुक्तानंच टाके उसवले. आतली कुंची दिसली आणि तिचा वास आला तशी ती चटकन म्हणाली, "फार वेळ उघडी ठेवू नका हं. वास जाईल."

"वास पण पाठवताय?" भिमाजीरावांनी दचकून तिच्या यादीकडे पाहिलं. तिथं वास लिहिलेला नव्हता.

"तो वस्तूत धरत नाहीत, मास्तर."

"नाही ना? बरं, बरं."

कुंचीच्या घडीत लाल दाणे दिसत होते. दिसत होते, पण उचलायचे कुणी? भिमाजीरावांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. सरकारला ते भीत होतेच. पण दुसऱ्याच्या लेकाचे शकुनाचे दाणे आपल्या हातानं काढायचे, आणि उद्या तिकडं बसऱ्यात काही भलतंच झालं, तर? त्या म्हातारीनं आपल्या दारात येऊन नुसतं उभं राहावं, मग काय करणार?

"शिदू," त्यांनी पॅकरला हाक मारली. "काढ रे ते."

शिदू मिशा पांढऱ्या झालेला माणूस. लाखेची कांडी शेकता शेकताच त्यानं मान हलवली. "म्या लाख लावतो मास्तर. अक्षदांचं काम माजं न्हाई."

"हुकूम आहे."

"कागुद द्या मंग."

'पॅकर यांनी अक्षता काढाव्यात' असा हुकूम कागदावर लिहून द्यायचा, म्हणजे पुढच्या तपासणीत त्या कागदाचं काय उत्तर द्यायचं? भिमाजीरावांनी पुढं ओढलेला कागद परत खणात सारला. रांगेतला टाकव्याचा गडी दोन पावलं मागं सरला, न जाणो आपल्यालाच सांगतील. शालूबाई म्हणाल्या, "मी नाही हो, माझा उपास आहे." उपासाचा इथं काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

राहता राहिली मुक्ता. तिनं बोटं पुढं केली. या सगळ्याला काही अर्थ नाही, असं ती मनात म्हणाली. पहिला दाणा चिमटीत घेतला. समुद्र डोळ्यांसमोर आला, मग आगबोट आली. तिनं न पाहिलेलं बसरा डोळ्यांसमोर आलं आणि तिथल्या सिग्नलच्या खांबावर चढलेले सोपानराव दिसले. दाणा तळहातावर ठेवून तिनं पटकन दुसरा उचलला. तिसरा. चौथा.

मग थांबली.

"पाचवा?" भिमाजीरावांनी विचारलं.

पाचवा नव्हता.

तिनं कुंची उलगडली, उलटी केली, झटकली. पायमोजे बोटं घालून आतबाहेर केले. चिक्कीचा पुडा सोडला. भिमाजीराव म्हणाले, डबाही बघा. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते शिदूनं एकदम जोरानं ओढलं आणि लसणीची चटणी साऱ्या पोस्टाच्या नाकात गेली. पहिली शिंक भिमाजीरावांना आली आणि टेबलावरची तिकिटं उडाली. मग रांगेतल्या सगळ्यांना शिंका आल्या. मुक्तानं एका हातानं कुंची छातीशी घट्ट धरली. बापानं मुलाचा म्हणून लसणीचा वास घ्यायचा का!

"काम व्हायच्या आधी शिंकू नगा रं!" झुंबरबाई कळवळल्या.

"सापडला!" टाकव्याचा गडी टेबलाखालून ओरडला. त्याच्या चिमटीत तांदळाचा एक दाणा होता.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झुंबरबाईंनी तो दाणा हातात घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला आणि खाली टाकला. "ह्यो न्हवं. ह्यो दुकानचा जाडा हाय. आमचा आंबेमोहर, त्याला कुकू हाय."

"म्हणजे हा सहावा?" भिमाजीराव खचले. "हा कुणाचा?"

शिदूनं भिंतीकडं तोंड करून दुकानातून आणलेली तांदळाची पिशवी पायानं बाकाखाली सरकवली.

आता एकेक तर्क निघू लागले. पोरानं खाल्ला असेल, असं शालूबाई म्हणाल्या. भिमाजीरावांनी आबांच्या तोंडात बोट घालून पाहिलं, तर आबांनी ते बोळक्या हिरड्यांनी असं धरलं, की सोडवायला दोघं लागली. पदराला चिकटून घरीच पडला असेल, असं कुणी म्हणालं. मग कौलांच्या वळचणीला बसलेली चिमणी दिसली.

"चिमणीनं नेला असेल," शिदू म्हणाला.

भिमाजीरावांचा चेहरा एकदम उजळला. "चिमणीनं नेला तर काही नाही. तो देशातच आहे!"

पण मुक्ता उजळली नाही. कुंचीचा एक बंद गळ्याशी दुहेरी शिवलेला होता. त्या शिवणीत काहीतरी बारीक, टणक बोटाला लागल्यासारखं तिला वाटलं होतं. दोऱ्याची गाठ असेल. गाठच असणार. पुन्हा चाचपून बघायचा तिला धीर झाला नाही. आणि का झाला नाही, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

स्टेशनाकडून घंटा ऐकू आली. गाडी अलीकडच्या मळवलीहून सुटली होती.

"मास्तर," ती घाईनं म्हणाली, "मी यादीत लिहिते. 'कदाचित तांदळाचा एक दाणा.'"

"नको!" भिमाजीरावांनी दौतच बाजूला घेतली. "कदाचित हा माल सरकारात चालत नाही. दाणा आहे म्हटलं तर पार्सल जात नाही, नाही म्हटलं तर नाहीच असायला पाहिजे. 'कदाचित' लिहिलंत तर तुम्हाला एकदा विचारतील आणि मला जन्मभर विचारतील."

"मग खोट्याखाली माझी सही तशीच राहू देऊ?"

भिमाजीरावांनी डोळे मिटले. त्यांच्या आयुष्यात स्वतःहून ठरवायचं असं फारसं काही आलंच नव्हतं. आज आलं होतं, आणि तेही शिंका येत असताना. त्यांनी टाक उचलला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'समक्ष उघडून पाहिले. तांदूळ दिसला नाही.'

"यात खोटं काही नाही," ते स्वतःलाच म्हणाले. "मला नाहीच दिसला."

मुक्तानं टाके घातले. या वेळी ते वाकडेतिकडे आले. शिदूनं लाख लावली. शिंकांनी लाखेचा दिवा विझला होता आणि भाद्रपदातल्या ओलीनं आगकाड्या पेटत नव्हत्या, म्हणून टाकव्याच्या गड्यानं आपली विडी पुढं केली. पार्सल पिशवीत गेलं, पिशवी स्टेशनाकडं गेली. मुक्ता सासूबाईंकडं बघायचं टाळत होती. आता रडतील, बोलतील, कदाचित औंढ्याला निघून जातील. पण झुंबरबाईंनी ते चार दाणे आपल्या पदराच्या टोकाला बांधले आणि शांतपणे म्हणाल्या,

"चल घरी. आबांची दुधाची येळ झाली."

"आत्याबाई, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"कशापायी? येक गेला की त्यो. ज्येला जायाचं त्यो गेला. माघारी यायला बी येकच लागतो."

हे ऐकून झुंबरबाईंऐवजी मुक्तालाच रडू फुटायचं बाकी राहिलं. म्हणजे आत्याबाईंनाही ठाऊक होतं. म्हणजे तो होता. म्हणजे आपण सही करून, सरकारी शिक्क्यानिशी, लढाईच्या दिवसांत, धान्याची निर्यात केली होती.

त्यानंतर मुक्ताचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. दारावरून खाकी सदरा गेला, की ती मुलाला उचलून आतल्या खोलीत जाई. एकदा खाकी सदरा थेट ओट्यावरच चढला. तो स्टेशनवरचा हमाल निघाला, शालूबाईंचं घर विचारत आलेला, पण तोवर तिनं मुलाचं टोपडं, दुधाची वाटी आणि दोन दुपटी अशी कैदेची तयारी बांधूनही ठेवली होती.

बसऱ्याहून पत्र येईना. दसरा गेला. दिवाळीला झुंबरबाईंनी चार दाण्यांना देव्हाऱ्यात हळदकुंकू वाहिलं. मुक्तानं तिकडं पाठ करून करंज्या तळल्या.

"पत्र नाही अजून?" शालूबाई विचारत. "तशी तिकडून उशिराच येतात म्हणा. खंडाळ्याच्या त्या बाईलाही आधी पत्रंच बंद झाली होती."

"आणि मग?"

"मग काय, बरणी."

या काळात मुक्ताला एकच सोबती होता, आणि तो म्हणजे भिमाजीराव. एरवी कुणाच्या दारात न जाणारा हा माणूस आता दर थोड्या दिवसांनी, 'इकडून चाललो होतो' म्हणून ओट्याशी थांबे. त्यांचं घर दुसऱ्या टोकाला होतं.

"काही आलं?" ते हळूच विचारत.

"नाही. तुम्हाला? वरून?"

"नाही. बूच आलं."

"कसलं बूच?"

"गोंदाच्या बाटलीचं. नवीन. पाठवलंय त्यांनी." ते इकडेतिकडे बघत. "न मागता का पाठवलं असेल हो?"

दोघंही बराच वेळ त्या बुचाचा अर्थ लावत बसत.

पौषाचं ऊन पडलं. मुलाला आठवा महिना लागला. झुंबरबाईंनी उष्टावणाचा दिवस धरला. आदल्या दिवशी शिदू ओट्याशी येऊन म्हणाला, "आक्का, मास्तरांनी बोलावलंय. मागच्या दारानं या म्हनलं."

मुक्तानं मुलाला कडेवर घेतलं. न्यायचंच असेल तर मुलासकट नेऊ देत. झुंबरबाईही चपला न घालताच मागून निघाल्या.

भिमाजीरावांनी खिडकी लावून घेतली होती. टेबलावर एक पार्सल होतं. वर सोपानरावांचं अक्षर, बसऱ्याचा शिक्का, आणि यादीत एकच शब्द, 'खजूर'.

"तिकडच्या साहेबांनी उघडून पाहिलेलं दिसत नाही," भिमाजीराव म्हणाले. "म्हणून म्हटलं, तुम्ही इथंच उघडा. माझ्या समोर. जे काय असेल ते एकदाच होऊ दे."

आत चटणीचाच डबा होता, घासूनपुसून लख्ख. कुणाचं भांडं रिकामं पाठवायचं नाही हे सोपानरावांना घरातूनच शिकवलेलं. डबा खजुरानं गच्च भरला होता. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिंधी डकवलेली. चिंधी कसली, कुंचीचा बंद तो, गळ्याजवळचा, दुहेरी शिवणीचा. त्याला गाठ मारलेली होती.

मुक्तानं ती गाठ सोडली. तळहातावर एक दाणा पडला. कुंकू उडत आलेलं, पण तांबूस अजून होतं.

झुंबरबाईंनी दाणा नाकाशी नेला.

"आपलाच हाय," त्या म्हणाल्या. "लसनीचा वास येतूया." मग त्यांनी तो मुक्ताच्या हातावर परत ठेवला, पदर डोळ्यांना लावला, आणि पोस्टात कुणी नाहीच अशा आवाजात नातवाला सांगितलं, "आबा, तुमचा बाप निघायच्या बेतात हाय बरं का."

भिमाजीराव मात्र हिशेबात बुडाले होते. "बाई," ते पुटपुटले, "तेव्हा ती निर्यात होती. आता ही आयात झाली."

"त्याला मनाई आहे?"

"तशी नोटीस अजून आलेली नाही." त्यांनी भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. "येईल. शिवाय यादीत बघा, नुसता खजूर लिहिलाय. हा दाणा लिहायला पाहिजे होता. वर कळवावं लागेल. काय करू? बाई, तुम्ही नोटीस वाचलेली आहे, तुम्हीच सांगा."

लोणावळ्यात ती नोटीस अक्षर न् अक्षर वाचलेल्या त्या एकुलत्या एका बाईनं मूठ मिटली.

"कसला दाणा, मास्तर?" ती म्हणाली.

भिमाजीरावांनी तिच्याकडं पाहिलं, मुठीकडं पाहिलं. मग त्यांनी सवयीनं टाक उचलला, आणि ठेवून दिला.

"मला दिसला नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांचं उष्टावण झालं. देव्हाऱ्यातले चार आणि बसऱ्याला जाऊन आलेला एक, असे पाचही दाणे झुंबरबाईंनी खिरीच्या पातेल्यात टाकले. आबांनी पहिला घास घेतला, दुसरा आजीच्या लुगड्यावर उडवला. शालूबाई खंडाळ्याच्या बाईची बरणी परत आल्याची बातमी घेऊन आल्या होत्या. तीत पोलिसांना लोणच्याशिवाय काही सापडलं नव्हतं, पण लोणचंही उरलं नव्हतं. भिमाजीरावांना पहिल्या पंगतीचा पाट होता. त्यांनी खीर एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा मुक्तालाही नवल वाटलं. या माणसाला चार घास जेवताना कुणी पाहिलं नव्हतं.

"आवडलेली दिसतेय खीर," ती पळी बुडवत म्हणाली.

"गोड मला बाधतं," भिमाजीराव तिच्याकडं वाकून कुजबुजले. "पण पातेलं खरवडून वाढा. पाचांतला एखादा राहून जायला नको."